प्सुसेनेस पहिला: चांदीच्या शवपेटीतल्या फॅरोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजिप्तचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. पिरॅमिड कुणी बांधले, ममीला शाप असतो का, तुतनखामन कशाने मेला. प्सुसेनेसचं नाव घेतलं की मात्र आधी सगळे म्हणतात, "कोण?" आणि मग एकामागून एक प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटपली आहेत. जिथे सांगण्यासारखं होतं तिथे हात आखडता घेतलेला नाही.

हा प्सुसेनेस नेमका कोण?

प्राचीन इजिप्तच्या २१व्या राजवंशातला तिसरा राजा. काळ इ.स.पू. १०४० ते ९९०च्या आसपास. म्हणजे तुतनखामननंतर सुमारे तीनशे वर्षांनी आणि क्लिओपात्राच्या जवळजवळ हजार वर्षं आधी. राजधानी नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, ईशान्येकडच्या तानिस या शहरात. त्याच्या आधी स्मेंदेस आणि त्यानंतर अगदी थोडी वर्षं आमेनेमनिसू राजे होऊन गेले होते.

युद्धं जिंकली, साम्राज्य वाढवलं, असलं काही त्याच्या नावावर नाही. त्याची ओळख आहे ती त्याच्या थडग्यामुळे. १९४० साली त्यातली राजाची खोली उघडली तेव्हा आत शुद्ध चांदीची शवपेटी होती, तिच्यात सोन्याचा मुखवटा होता, आणि तीन हजार वर्षांत कोणत्याही चोराचा हात तिथे पोचलेला नव्हता.

नावाचा उच्चार कसा करायचा?

"प्सुसेनेस" हे ग्रीकांनी केलेलं रूप. सुरुवातीचा "प्" जड जात असेल तर "सुसेनेस" म्हणा, कुणी रागावणार नाही. मूळ इजिप्शियन नाव साधारण "पासेबाखाएन्नियुत". अर्थ "नगरात उगवलेला तारा". नगर म्हणजे थीब्ज, आजचं लक्सर. तिथले लोक आपल्या शहराला नुसतं "नगर" म्हणत. सिंहासनावर बसताना घेतलेलं नाव वेगळं: आखेपेर्रे सेतेपेनआमुन. त्यातला "सेतेपेनआमुन" म्हणजे "आमुन देवाने निवडलेला".

राज्य उत्तरेत आणि नाव दक्षिणेतल्या शहराचं, हे कसं?

इथेच त्या काळाची खरी गोम आहे. ११वा रामसेस वारला आणि त्याबरोबर इजिप्तचा मोठा काळ संपला. देश कागदोपत्री एक राहिला, प्रत्यक्षात दोन ठिकाणांहून चालू लागला. उत्तरेत तानिसला फॅरो, दक्षिणेत थीब्जला आमुन देवाचा मुख्य पुजारी. हा पुजारी म्हणजे नुसता घंटा वाजवणारा नव्हे. देवस्थानच्या जमिनी, धान्याची कोठारं, शिवाय सैन्य, सगळं त्याच्या हाती.

प्सुसेनेसचा बाप पिनेजेम पहिला हा असाच थीब्जचा मुख्य पुजारी. पुढे त्यानेही राजाच्या पदव्या लावून घेतल्या. आई हेनुत्तावी, ती बहुधा ११व्या रामसेसची मुलगी. म्हणजे बापाकडून देवस्थानची सत्ता आणि आईकडून जुन्या राजघराण्याचं रक्त. प्सुसेनेसने ही दुसरी बाजू विसरू दिली नाही. काही ठिकाणी तो स्वतःचं नाव "रामसेस-प्सुसेनेस" असं लावतो.

भाऊ मेनखेपेर्रे थीब्जला मुख्य पुजारी होता, आणि प्सुसेनेसची मुलगी इसेतेमखेब त्याला दिलेली. प्सुसेनेसची स्वतःची पट्टराणी मुतनेजमेत ही त्याची बहीण. आपल्याला हे कसंसंच वाटतं, पण इजिप्तच्या राजघराण्यांत ते नवं नव्हतं, आणि सत्ता घराबाहेर जाऊ न देण्याचा तो एक मार्ग होता. देश दोन गाद्यांत वाटला गेला तरी भांडण पेटलं नाही, त्यामागे हे नात्यांचं जाळं होतं. दोन्हीकडे एकच घर बसलं होतं.

तानिसच का? जुन्या राजधानीला काय झालं?

नदी हलली. रामसेस दुसऱ्याने उभारलेली राजधानी पी-रामसेस नाईलच्या पेलुसियाक फाट्यावर होती. तो फाटा गाळाने भरत गेला. बंदर गेलं, बंदराबरोबर शहराचा जीवही गेला. सुमारे २० किलोमीटरवर दुसऱ्या, वाहत्या फाट्याकाठी तानिस होतं. दरबार तिकडे गेला.

त्रिभुज प्रदेशात दगड मिळत नाही, नुसती गाळाची माती. ग्रॅनाइट हवा तर तो दक्षिणेत पार आस्वानहून आणावा लागे. तेवढी ऐपत आणि तेवढी माणसं आता राहिली नव्हती. मग पी-रामसेसचे खांब, पुतळे, ओबेलिस्क म्हणजे उंच, टोकदार दगडी स्तंभ उचलून तानिसला आणले आणि नवी देवळं उभी केली. गावाकडचा जुना वाडा उतरवतात तेव्हा तुळया, चौकटी, घडीव दगड नव्या घराला लावतातच. इथे अख्खी राजधानी उतरवली होती.

प्सुसेनेसने स्वतः काय बांधलं, तर आमुनच्या देवळाभोवतीची मातीच्या विटांची प्रचंड भिंत. विटांवर त्याच्या आणि राणी मुतनेजमेतच्या नावाचे छाप आहेत. वीटभट्टीवरच्या विटेत खोलगट अक्षरं उमटवलेली आपण बघतो, तसेच. त्या विटा मात्र भाजलेल्या नव्हत्या, उन्हात वाळवलेल्या होत्या.

या उचलाउचलीने पुढे पंडितांचीही फसगत झाली. तानिसला जिकडेतिकडे रामसेसचं नाव कोरलेले दगड. तेव्हा हेच पी-रामसेस, असं अनेकांनी धरलं, उत्खनन करणाऱ्या प्येर मोंते यांनीसुद्धा. खरं पी-रामसेस कंतीर या गावाच्या शेतांखाली आहे, हे नंतर सिद्ध झालं.

थडगं सापडलं कसं?

मोंते हे फ्रेंच. त्याआधी लेबनॉनमधल्या बिब्लोसला त्यांनी मोठं काम केलेलं. १९२९पासून ते तानिसला खणत होते. दहा वर्षं देवळं, भिंती, फुटके पुतळे. मग १९३९च्या फेब्रुवारीअखेर देवळाच्या आवाराच्या नैऋत्य कोपऱ्यात, नंतरच्या काळातल्या मातीच्या बांधकामांखाली, फरसबंदीसारखे दगड लागले. ती फरशी नव्हती, छत होतं. खाली उतरले तेव्हा कळलं की थडगं दुसऱ्या ओसोर्कोनचं, म्हणजे नंतरच्या एका राजाचं आहे आणि चोरांनी ते केव्हाच साफ केलेलं आहे.

शेजारीच आणखी एक निघालं. मार्चच्या मध्यावर मोंते आत उतरले. भिंतींवर प्सुसेनेसचं नाव, खोलीच्या मधोमध चांदीची शवपेटी. राजा मिळाला, असंच कुणालाही वाटेल. पण या पेटीला माणसाचा चेहरा नव्हता, ससाण्याचा होता, आणि नाव होतं हेकाखेपेर्रे शेशाँक. या नावाचा राजा होऊन गेला हे तोवर कुणाला माहीतच नव्हतं! ती पेटी उघडली तेव्हा इजिप्तचा तरुण राजा फारुक स्वतः हजर होता.

मग ज्याचं थडगं, तो घरमालक कुठे? ही खोली म्हणजे नुसती पडवी होती. पश्चिमेकडची चित्रं कोरलेली भिंत नीट पाहिल्यावर लक्षात आलं की दगडांमागे दोन दारं बुजवलेली आहेत. काम पुढच्या हंगामावर गेलं. १९४०च्या फेब्रुवारीत भिंतीतले दगड काढले, त्यामागे बोळ, आणि बोळात बुचासारखा ठोकून बसवलेला ग्रॅनाइटचा भलामोठा ठोकळा. तो हलवायलाच काही दिवस गेले. त्यामागच्या चिंचोळ्या खोलीत एक दगडी शवपेटी होती आणि तिच्यापुढे, अंग चोरून उभं राहावं एवढ्या जागेत, सोन्याचांदीची भांडी, उशब्ती नावाच्या छोट्या बाहुल्या आणि राजाचे अवयव ठेवलेल्या चार बरण्या. ठेवणाऱ्यांनी जशा ठेवल्या तशाच.

दुसऱ्या बुजवलेल्या दारामागची खोली मुळात राणी मुतनेजमेतसाठी होती. एप्रिल १९४०मध्ये ती उघडली तर आत राणीऐवजी प्सुसेनेसच्या मागून गादीवर आलेला आमेनेमोपे निघाला. राणीचं नाव खोडून त्याचं कोरलेलं. मे महिन्यात जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या, मोंते मायदेशी परतले आणि काम थांबलं. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, त्याच थडग्यात आणखी एक लपवलेली खोली सापडली: प्सुसेनेसचा सेनापती वेंजेबाएनजेद याची.

शवपेटीत काय काय होतं?

एकात एक अशा तीन पेट्या.

बाहेरची तांबूस ग्रॅनाइटची. झाकणावर राजा उताणा झोपलेला कोरलाय. झाकणाची आतली बाजू मला अधिक आवडते: तिथे आकाशदेवता नूत हात पसरून ओणवी आहे. म्हणजे झाकण बसलं की आतल्या राजाच्या चेहऱ्यावर कायमचं आकाश. ही बाजू बघायला जिवंत माणूस आत नसणारच होता, तरी कारागिराने हात राखलेला नाही.

तिच्यात काळ्या ग्रॅनाइटची, माणसाच्या आकाराची दुसरी पेटी.

आणि तिच्यात चांदीची. हात छातीवर दुमडलेले, हातांत राजदंड आणि आसूड, अंगभर पिसांची नक्षी, कपाळावर सोन्याची पट्टी आणि फणा काढलेला सोन्याचा नाग. चांदी काळवंडते, सोनं काळवंडत नाही, त्यामुळे करड्या चेहऱ्यावर तो एकटा नाग लखलखतो. तुतनखामनच्या सोन्याच्या पेटीत हा परिणाम नाही, तिथे सगळंच झळकतं.

आत सोन्याचा मुखवटा. उंची सुमारे ४८ सेंटिमीटर. सोन्याचे दोन पत्रे ठोकून, आकार देऊन खिळ्यांनी जोडले आहेत. डोळ्यांत काळी-पांढरी काच, भुवया आणि डोळ्यांच्या कडा लाजवर्द या गडद निळ्या दगडाच्या. चेहरा भरलेला, तरुण, ओठांवर न हसता हसल्याचा भास. तुतनखामनच्या मुखवट्यावर निळे पट्टे, रंग, खडे यांची गर्दी आहे. हा त्या मानाने उघडा, नुसता सोन्याचा. मला हा उजवा वाटतो. यावर वाद घालायला मी तयार आहे.

मुखवट्याखाली हातापायांच्या प्रत्येक बोटाला सोन्याची टोपणं, पायांत सोन्याच्या चपला, शिवाय बांगड्या, अंगठ्या आणि गळ्यात सोन्याच्या चकत्यांचे वजनदार हार. एका हारात लाजवर्दाचे गोल मणी आहेत आणि त्यांतल्या एका मण्यावर चक्क कीलाक्षरी, म्हणजे मेसोपोटेमियातल्या खिळ्यांसारख्या लिपीतला लेख: असीरियातल्या एका बड्या अधिकाऱ्याने आपल्या थोरल्या मुलीसाठी देवाला केलेल्या अर्पणाचा. दगड अफगाणिस्तानातल्या खाणींतला, अक्षरं असीरियन, आणि शेवट इजिप्शियन राजाच्या गळ्यात. तो मणी तानिसला भेट म्हणून आला की व्यापारातून, त्यावर फक्त तर्क करता येतात.

चांदी तेव्हा सोन्यापेक्षा महाग होती ना?

हे वाक्य प्रत्येक माहितीपटात येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. इजिप्तच्या डोंगरांत सोनं होतं, दक्षिणेला लागून असलेल्या नुबियात तर होतंच. चांदीच्या म्हणाव्या अशा खाणी नव्हत्या. ती पश्चिम आशियातून आणावी लागे. म्हणून फार जुन्या काळी चांदी सोन्याहून मोलाची धरत. नंतर व्यापार वाढला, आवक वाढली आणि रामसेस राजांच्या काळातल्या हिशेबांत सोनं चांदीच्या साधारण दुप्पट भावाचं दिसतं. प्सुसेनेस त्याच्याही नंतरचा. तेव्हा "सोन्यापेक्षा महाग धातू वापरला" असं ठासून सांगणाऱ्याला जरा थांबवायला हरकत नाही.

पण भाव हा एकच हिशेब नाही. इजिप्शियन कथेत म्हातारा झालेल्या रा या सूर्यदेवाचं वर्णन येतं: हाडं चांदीची, अंग सोन्याचं, केस खऱ्या लाजवर्दाचे. आता पुन्हा बघा. चांदीची पेटी, सोन्याचा मुखवटा, लाजवर्दाच्या भुवया. राजा मेल्यावर देव होतो, आणि देवाचं शरीर कशाचं असतं हे त्यांना ठाऊक होतं.

जाता जाता: चांदीला त्यांच्या भाषेत "हेज" म्हणत, अर्थ "पांढरी", आणि सरकारी खजिन्याला "पेर-हेज", म्हणजे चांदीचं घर. आपला रुपयाही "रूप्य", म्हणजे चांदीवरूनच आला. धातू कुठला हे विसरून तो शब्द पैशालाच चिकटणं फक्त इजिप्तमध्ये घडलेलं नाही.

बाहेरची शवपेटी दुसऱ्याच राजाची होती, हे खरं का?

खरं आहे. ती मेर्नेप्ताहची. मेर्नेप्ताह हा रामसेस दुसऱ्याचा मुलगा आणि वारस, प्सुसेनेसच्या दीडेकशे वर्षं आधीचा. तो पुरला गेला होता राजांच्या खोऱ्यात, थीब्जजवळ. तिथून ती पेटी नदीमार्गे शेकडो किलोमीटर उत्तरेला आली. त्यावरचं जुनं नाव खोडून प्सुसेनेसचं कोरलं, फक्त एका ठिकाणी मेर्नेप्ताहचं नाव राहिलं: झाकणावरच्या मूर्तीच्या कमरपट्ट्यावर. विसरलं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जो कोरक्या इतर सगळी नावं शोधून काढतो, त्याला पोटावरचं दिसणार नाही? मूळ मालकाची खूण मुद्दाम ठेवली असावी, असं माझं मत आहे. मत आहे, पुरावा नाही.

मधली काळी पेटीसुद्धा जुनी, १९व्या राजवंशातल्या कुणा सरदाराची. सेनापती वेंजेबाएनजेदची दगडी पेटीही दुसऱ्याचीच. थडग्यात रामसेस दुसऱ्याचं नाव असलेली काशाची शेगडीसुद्धा मिळाली.

मग ही चोरीच नव्हे का?

थीब्जचे पुजारी हा आरोप मान्य करणार नाहीत. त्यांची बाजू अशी: राजांच्या खोऱ्यातली थडगी चोर फोडत होते, आणि त्या चोऱ्यांच्या चौकशीची कागदपत्रंही आजवर टिकली आहेत. तेव्हा पुजाऱ्यांनी जुन्या राजांच्या ममी बाहेर काढल्या, नव्या कापडात गुंडाळल्या, वर नावं लिहिली आणि गुप्त जागी एकत्र ठेवल्या. १८८१ साली देर अल-बहारीला अशी एक जागा उजेडात आली तेव्हा तिथे रामसेस दुसरा होता, आणि प्सुसेनेसचे आई-बापही होते.

ही झाली पुण्याई. पण ममींबरोबर सोनं मात्र गुप्त जागी पोचलं नाही. जुन्या शवपेट्यांवरचा सोन्याचा मुलामा खरवडलेला दिसतो. देश गरीब झाला होता, खोऱ्यात सोनं पडून होतं, आणि किल्ल्या पुजाऱ्यांकडे होत्या. मूर्ती सांभाळली आणि दागिने देवस्थानात जमा झाले, असं समजा. हे सोनं कुठे गेलं याचा माग नक्की लावता येत नाही, पण मेर्नेप्ताहची पेटी थीब्जहून तानिसला आली तर वाट तर होतीच.

आणि खुद्द मेर्नेप्ताह? त्याची ममी १८९८ साली दुसऱ्या आमेनहोतेपच्या थडग्यात सापडली. सेतनाख्त नावाच्या तिसऱ्याच राजाच्या शवपेटीत.

प्सुसेनेसची ममी कशी दिसते?

दिसत नाही. त्रिभुज प्रदेशाची ओल तीन हजार वर्षांत सगळं खाऊन गेली. कापड, कातडी, लाकूड, काही उरलं नाही. वरच्या इजिप्तच्या कोरड्या वाळवंटात साधा शेतकरीही केसांसकट टिकतो, आणि इथे राजा नुसता हाडांचा सापळा. तुतनखामनच्या थडग्यातले पलंग, रथ, पंखे आपण बघतो, तसलं इथे का नाही, याचंही उत्तर ओल हेच. धातू आणि दगड टिकले, बाकीचं गेलं.

हाडं तपासली डग्लस डेरी यांनी. कैरोत शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. तुतनखामनची ममीही त्यांनीच तपासली होती. त्यांचा निष्कर्ष, हा माणूस बराच म्हातारा होऊन मेला. दात झिजलेले आणि किडलेले, टाळूपर्यंत गेलेला गळवाचा खड्डा, पाठीचे सांधे धरलेले. शेवटची वर्षं राजाने दाढदुखीत आणि पाठ धरून काढली असणार. मुखवट्यावर मात्र तो पंचविशीचा आहे.

राज्य किती वर्षं केलं?

चाळीसच्या वर, एवढं निश्चित. इजिप्शियन पुजारी मॅनेथो याने ग्रीक काळात लिहिलेल्या राजांच्या यादीची दोन रूपं आपल्यापर्यंत आली. एकात ४६ वर्षं, दुसऱ्यात ४१. ममीच्या पट्टीच्या एका तुकड्यावर "राजा आमेनेमोपे, वर्ष ४९" असं आहे. आमेनेमोपेने इतकं राज्य केलं नाही, तेव्हा ४९ हा आकडा बहुधा प्सुसेनेसच्या राज्याचा. हाडांचं वयही याच्याशी जुळतं.

तुतनखामनचा एवढा गाजावाजा आणि याचं नावही नाही, असं का?

तारीख बघा. तुतनखामन सापडला नोव्हेंबर १९२२मध्ये. महायुद्ध संपलेलं, वर्तमानपत्रांना चांगली बातमी हवी होती, आणि हॉवर्ड कार्टर यांनी एकेक वस्तू बाहेर काढायला दहा वर्षं घेतली. दर हंगामाला नवा फोटो. प्सुसेनेस सापडला फेब्रुवारी १९४०मध्ये. त्या वर्षी पहिल्या पानावर हिटलर होता. मोंते यांनी ओल आणि चोरी या दोन्हींच्या धास्तीने थडगं भराभर रिकामं केलं आणि ऐवज कैरोला पोचवला. गाजावाजा करायला वेळ कुणाला होता?

दुसरं कारण जागा. लक्सरला प्रवासी जातातच, तिथून राजांचं खोरं पलीकडच्या काठाला. तानिस म्हणजे आजचं सान अल-हगर, कैरोच्या ईशान्येला शेतांमधलं गाव. वाटेवर नाही. हॉलिवूडच्या एका गाजलेल्या साहसपटात तानिसचं नाव आहे खरं, पण त्यातल्या वाळूच्या डोंगरांचा खऱ्या, चिखलमातीच्या तानिसशी काही संबंध नाही.

तिसरं, कोवळ्या वयात मेलेल्या पोराची गोष्ट लोकांना चटका लावते. सत्तरी-ऐंशीचा म्हातारा शांतपणे मेला, याची कादंबरी होत नाही.

न लुटलेलं हे एकमेव राजथडगं का?

तुतनखामनच्या थडग्यात प्राचीन काळीच चोर दोनदा शिरले होते, थोडं नेलंही. प्सुसेनेस आणि आमेनेमोपे यांच्या खोल्यांत कुणीच शिरलं नाही. त्या अर्थाने हे दोघे वेगळे. शेजारचा ओसोर्कोन लुटला गेला आणि हे वाचले, याचं श्रेय त्या बुजवलेल्या दारांना आणि वर नंतर उभ्या राहिलेल्या मातीच्या घरांना.

बायबलमधल्या राजा दाविदाचा आणि याचा संबंध आहे का?

काळ साधारण एकच. तानिसचं नाव बायबलमध्ये "सोअन" म्हणून येतं. शलमोनाने फॅरोची मुलगी केली असं तिथे म्हटलंय. तो फॅरो प्सुसेनेस नव्हे, नंतरचा सियामुन असावा असा अनेकांचा कयास आहे. प्सुसेनेसचं नाव बायबलमध्ये कुठेही नाही.

शापबिप?

नाही. मोंते त्यानंतर २६ वर्षं जगले, १९६६ साली वयाच्या ८०-८१व्या वर्षी गेले.

तानिसच्या खजिन्यातली बांगडी वितळवली, ती बातमी याच थडग्याची का?

हो. सप्टेंबर २०२५मधली गोष्ट. बांगडी आमेनेमोपेची होती, म्हणजे राणीच्या खोलीत निघालेल्या राजाची. लाजवर्दाचा एक मणी बसवलेली सोन्याची साधी कडी. कैरोच्या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेतून ती नाहीशी झाली. रोमच्या प्रदर्शनासाठी वस्तू मोजताना ते लक्षात आलं. पोलिसांच्या तपासात निघालं की तिथल्याच एका जतन-कर्मचाऱ्याने ती नेली, ओळखीच्या माणसामार्फत सराफाला विकली, आणि पुढे ती इतर मोडीबरोबर भट्टीत गेली. किंमत आली सुमारे १,८०,००० इजिप्शियन पौंड, म्हणजे साडेतीन-चार हजार डॉलर. बुजवलेली दारं, ग्रॅनाइटचा ठोकळा, तीन हजार वर्षं, आणि मग मोडीचा भाव.

तानिसला अजून खणतात का?

खणतात, फ्रेंच पथकच. २०२५ साली त्याच ओसोर्कोनच्या लुटलेल्या थडग्यात, गाळाखाली, २२५ उशब्ती सापडल्या. त्या शेशाँक तिसरा या राजाच्या निघाल्या, आणि तिथली बिननावाची दगडी शवपेटी कुणाची हा जुना प्रश्न सुटला. त्याने स्वतःचं वेगळं थडगं शेजारीच बांधलं होतं, तरी झोपला दुसऱ्याच्या घरात. तानिसची रीतच ती.

हे सगळं पाहायचं तर कुठे जावं?

कैरोत, ताहरीर चौकातल्या जुन्या, गुलाबी संग्रहालयात. तुतनखामनचा ऐवज गिझाच्या नव्या मोठ्या संग्रहालयात गेल्यापासून इथली गर्दी ओसरली आहे आणि तानिसचं दालन निवांत बघता येतं. चौकात मधोमध जो ओबेलिस्क उभा आहे तो रामसेस दुसऱ्याचा, तानिसहून आणलेला. नव्या संग्रहालयाच्या दारात अधांतरी उभा केलेला ओबेलिस्कही तानिसचाच. पी-रामसेसहून तानिसला आलेले दगड आता कैरोकडे निघालेत.

मुखवटा आणि चांदीची पेटी तर सगळेच बघतात. सेनापतीच्या वस्तूंमधली एक वाटी चुकवू नका: सोन्याचांदीची, तळाशी चार पोरी पाण्यात पोहताहेत, भोवती मासे आणि बदकं. ती त्याला प्सुसेनेसने दिलेली. आणि तांबूस ग्रॅनाइटचं झाकण दिसलं की चेहऱ्यापाशी थांबू नका, कमरेपर्यंत या. पट्ट्यावरची अक्षरं बारीक आहेत, जरा वाकावं लागतं. तिथे मेर्नेप्ताह लिहिलेलं आहे.